खाते आपले, हक्क दुसऱ्याचा

सोयगाव तालुक्यात कापसाची विक्री झाली की पैसा आता बहुधा बँकेच्या खात्यातच येतो. किसान सन्मान योजनेचा हप्ता, पीक विम्याची रक्कम, 'लाडकी बहीण' योजनेचे दरमहा १५०० रुपये, मुलांची शिष्यवृत्ती हे सर्व खात्यातच जमा होते. अजिंठ्याच्या डोंगररांगांलगतच्या या गावांत ज्या घरात पूर्वी एकही पासबुक नव्हते, तेथे आज प्रत्येक प्रौढ व्यक्तीच्या नावे खाते आहे. परंतु खाते नावावर असणे आणि ते स्वतः चालविता येणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. आजोबांचे खाते नातवाच्या मोबाइलवर चालते. फूफीचे एटीएम कार्ड पुतण्याच्या खिशात असते आणि त्याचा पिन घरातल्या चौघांना पाठ असतो. नात्यावरचा हा विश्वास अल्लाहची देणगी आहे. मात्र जेथे विश्वास आहे तेथेच विश्वासघाताचाही संभव असतो.

समजा, अशाच एखाद्या गावात एक विधवा भगिनी राहते. तिचे सर्व व्यवहार बहिणीचा मुलगा पाहतो. एके दिवशी बँकेत गेल्यावर तिला कळते की, कापसाच्या पैशांतून गेल्या तीन महिन्यांत थोडे थोडे करून चाळीस हजार रुपये काढले गेले आहेत. ही एक स्थिती झाली. आता दुसरी स्थिती पाहा. भाचा म्हणतो, "खाला, माझ्या खात्याला अडचण आहे. दोन दिवस माझे पैसे तुमच्या खात्यात येऊ द्या." पैसे येतात आणि त्याच दिवशी निघूनही जातात. महिनाभराने खाते गोठविले जाते आणि दूरच्या एखाद्या राज्यातील पोलिसांची नोटीस दारात येते. त्या खात्यातून फिरलेला पैसा कोणा अनोळखी माणसाला फसवून मिळविलेला होता.

दोन्ही प्रसंगी घरातील वडीलधारी मंडळी एकत्र बसतात आणि बहुधा एकच सल्ला देतात: "घरातली गोष्ट घरातच मिटवा. पोलिसांत गेलात तर बहिणीचे घर तुटेल. नाते तोडणारा जन्नतमध्ये प्रवेश करणार नाही, असे प्रेषितांनी सांगितले आहे." प्रेषितांची ही शिकवण बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस-संग्रहांत आली आहे आणि ती आपल्या शिरोधार्य आहे. प्रश्न एवढाच आहे की, नाते जोडणे म्हणजे नातेवाईकाचा अपराध झाकणे होय काय? आजच्या पाठात आपण याचेच उत्तर शोधणार आहोत.

प्रथम ठरवा: हक्क कोणाचा?

वर सांगितलेल्या दोन स्थिती सारख्या दिसतात, पण शरीअतच्या दृष्टीने त्यांत मोठे अंतर आहे. पहिल्या स्थितीत गेलेले धन त्या भगिनीचे स्वतःचे आहे. ती ते परत मागू शकते, मुदत देऊ शकते, हप्ते बांधून देऊ शकते किंवा अल्लाहच्या प्रसन्नतेसाठी माफही करू शकते. हक्क तिचा आहे, म्हणून क्षमेचा अधिकारही तिचा आहे.

दुसऱ्या स्थितीत तिचे एक पैचेही नुकसान झालेले नसेल, तरीही क्षमा करण्याचा अधिकार तिला मुळीच नाही. कारण ते धन तिचे नव्हतेच. ते कोणा निवृत्त शिक्षकाचे असेल, कोणाच्या मुलीच्या विवाहासाठी साठविलेले असेल किंवा कोणाच्या उपचाराचे असेल. तो मनुष्य मुस्लिम असो वा मुस्लिमेतर, ओळखीचा असो वा अनोळखी, त्याचा हक्क हुकूकुल इबादमध्ये, म्हणजे माणसांच्या हक्कांमध्ये मोडतो. दुसऱ्याचा हक्क माफ करणे हे औदार्य नव्हे. ज्या वस्तूचे आपण मालक नाही, ती दान केल्यासारखेच ते आहे.

सूरह अल-बकराच्या १८८ व्या आणि सूरह अन्-निसाच्या २९ व्या आयतीत एकमेकांची संपत्ती अवैध मार्गाने खाण्यास मनाई करण्यात आली आहे. येथे नातेवाईक आणि परके असा भेद केलेला नाही. हुतात्म्याची सर्व पापे माफ होतात, परंतु कर्ज माफ होत नाही, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितल्याचे सहीह मुस्लिममध्ये नोंदविले आहे. अल्लाहच्या मार्गात प्राण अर्पण करणाऱ्याच्या माथी जर माणसाचे देणे राहते, तर चार नातेवाइकांच्या बैठकीने ते कसे फिटणार?

एका चिलखताची चोरी आणि नातलगांची वकिली

मदीना येथील एक घटना या विषयावर पुरेसा प्रकाश टाकते. सूरह अन्-निसाच्या १०५ ते ११३ या आयतींच्या संदर्भात कुरआनच्या भाष्यकारांनी ती नोंदविली आहे. रिवायतींच्या तपशिलांत काही फरक आहे, पण सार असे: बनू उबैरिक या अन्सारी घराण्यातील एका माणसाने एका मुस्लिमाच्या घरातून चिलखत चोरले. संशय येताच त्याने आळ एका निरपराध माणसावर ढकलला. काही रिवायतींनुसार तो निरपराध मनुष्य यहुदी होता. चोराच्या कुळातील लोक प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे गेले आणि आपल्या माणसाची बाजू मांडू लागले. आमचे घर सज्जनांचे आहे, आमच्यावर पुराव्याविना दोष ठेवला जात आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

आज आपल्या बैठकांत जे बोलले जाते ते याहून काही वेगळे असते काय? घराण्याची अब्रू, मुलाचे भविष्य आणि लोक काय म्हणतील, हेच तीन मुद्दे तेथेही होते. त्यावर दिव्य प्रकटन झाले आणि विश्वासघातक्यांच्या वतीने भांडू नये असा आदेश आला. या जगात तुम्ही त्यांची वकिली केलीत, पण अंतिम न्यायाच्या दिवशी त्यांची वकिली कोण करील, असा प्रश्नही १०९ व्या आयतीत विचारण्यात आला. स्वतःचा अपराध निरपराधाच्या माथी मारणाऱ्याने उघड पापाचे ओझे उचलले, असे ११२ वी आयत सांगते.

वाचकहो, या प्रसंगातील दोन गोष्टी लक्षात घ्या. चोर मुस्लिम समाजात गणला जाणारा होता आणि त्याचे कुळ मदीनेतले होते, तरीही निर्णय निरपराधाच्या बाजूने झाला. दुसरी गोष्ट अशी की, तुमच्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरविणारा नातेवाईकही हेच करतो. कागदोपत्री नाव तुमचे, सही तुमची, आधार क्रमांक तुमचा. म्हणजे आपल्या अपराधाचे ओझे तो निरपराधाच्या माथीच ठेवीत असतो. तुम्ही गप्प राहिलात तर त्या आळाला तुमची संमती मिळते.

याच सूरहच्या १३५ व्या आयतीत श्रद्धावंतांना आदेश आहे की, न्यायावर ठाम राहावे आणि अल्लाहसाठी साक्ष द्यावी, मग ती स्वतःविरुद्ध, आईवडिलांविरुद्ध किंवा जवळच्या नातलगांविरुद्ध जाणारी का असेना. मख्जूम कुळातील प्रतिष्ठित स्त्रीने चोरी केली तेव्हा हजरत उसामा (रजि.) यांनी तिची शिफारस केली. त्यावर प्रेषितांनी तीव्र नापसंती दर्शविली आणि आपली कन्या फातिमा (रजि.) हिच्यासाठीही नियम बदलला नसता, हे स्पष्ट केले. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हा प्रसंग आला आहे.

अत्याचारी भावाला साहाय्य कसे करावे?

"मग त्या मुलाला वाऱ्यावर सोडावे काय?" असे बहीण रडून विचारील. नाही. बुखारीतील एका हदीसनुसार प्रेषितांनी आपल्या बंधूला साहाय्य करण्यास सांगितले, मग तो अत्याचारी असो वा अत्याचारपीडित. सहाबांनी विचारले की, पीडिताला साहाय्य करणे आम्हाला समजते, पण अत्याचारी असताना कसे करावे? त्यावर उत्तर मिळाले की, त्याला अत्याचारापासून रोखणे हेच त्याचे साहाय्य होय.

म्हणून भाच्याला रोखणे हीच त्याच्यावरची माया आहे. पहिल्या दहा हजारांवर त्याला कोणी रोखले असते, तर तो लाखांपर्यंत पोहोचला नसता. आपण ज्याला 'घरात मिटविणे' म्हणतो, ते पुष्कळदा पुढच्या अपराधाला दिलेले परवानापत्र ठरते.

"मी खालाची एवढी सेवा केली, थोडे घेतले तर काय झाले?" असाही युक्तिवाद होतो. सेवेचा मोबदला ठरला असेल तर तो उघडपणे मागावा, आणि द्यायचा राहिला असेल तर तुम्ही तो त्वरित द्यावा. परंतु एका कामासाठी सोपविलेले कार्ड दुसऱ्या कामासाठी वापरणे ही खियानत आहे. अमानतीत खियानत करणे हे ढोंगी माणसाच्या तीन लक्षणांपैकी एक म्हणून हदीसमध्ये सांगितले आहे.

मालेगावचा धडा

हा विषय केवळ घरापुरता राहिलेला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये नाशिक जिल्ह्यातील मालेगाव येथे एक प्रकरण उघडकीस आले. तपास यंत्रणांच्या म्हणण्यानुसार, काम आणि व्यापाराची आशा दाखवून काही तरुणांची कागदपत्रे घेण्यात आली, त्यांच्या नावे बँकेत खाती उघडण्यात आली आणि त्या खात्यांतून शंभर कोटींहून अधिक रुपयांची उलाढाल झाली. त्याच महिन्यात अंमलबजावणी संचालनालयाने महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये झडती घेतली. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील. आपल्यासाठी धडा एवढाच की, सामान्य घरातील तरुणांच्या नावे कोट्यवधींचे व्यवहार नोंदले गेले आणि चौकशीला सामोरे जाण्याची वेळ त्यांच्यावर आली. असा वापर करू पाहणारा मनुष्य अनोळखी म्हणून येत नाही. तो मित्र, शेजारी किंवा नातलग म्हणूनच येतो.

काही जण दोन-चार हजार रुपयांच्या मोबदल्यात स्वतःचे खाते दुसऱ्याला वापरायला देतात आणि त्यास 'भाडे' म्हणतात. सूरह अल-माइदाच्या दुसऱ्या आयतीत पुण्यकर्मात सहकार्य करण्याचा आणि पापात व अतिक्रमणात सहकार्य न करण्याचा आदेश आहे. पैसा कोठून आला हे न विचारता घेतलेले असे भाडे हलाल कमाईत बसत नाही. कायद्याच्या दृष्टीनेही फसवणुकीचा पैसा जाणूनबुजून स्वीकारणे वा पुढे पाठविणे हा गुन्ह्यातील सहभाग ठरू शकतो.

प्रत्यक्षात काय करावे?

ईशभय केवळ अंतःकरणात ठेवून भागत नाही, त्याला कृतीची जोड लागते. तुमच्या खात्याचा गैरवापर झाल्याचे कळताच पुढील गोष्टी कराव्यात.

१. प्रथम दार बंद करा. बँकेला कळवून एटीएम कार्ड आणि मोबाइल बँकिंग बंद करावे, पिन बदलावा, आणि खात्याशी जोडलेला मोबाइल क्रमांक दुसऱ्याचा असेल तर तो बदलून स्वतःचा द्यावा. अंगठा लावून पैसे काढले गेले असतील, तर आधारचे बायोमेट्रिक कुलूपबंद करता येते. आधारच्या अधिकृत ॲपवर किंवा आधार केंद्रावर ही सोय आहे. माहितीसाठी १९४७ हा क्रमांक आहे.

२. खात्याचा उतारा घ्या. तारीख, रक्कम आणि पैसे कोणाकडे गेले हे पाहावे. सूरह बनी इस्राईलच्या ३६ व्या आयतीनुसार ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागू नये. म्हणून उतारा पाहिल्याशिवाय कोणावरही आरोप करू नये. भाच्यावर संशय असतो आणि पैसे तिसऱ्यानेच काढलेले असतात, असेही घडते.

३. लेखी कळवा. बँकेला लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, बँकेची वा ग्राहकाची चूक नसताना त्रयस्थाने पैसे काढले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर ग्राहकावर नुकसान पडत नाही. मात्र ग्राहकाने स्वतःच पिन दुसऱ्याला सांगितला असेल, तर बँकेला कळविण्यापूर्वीचे नुकसान त्यालाच सोसावे लागते. 'घरचाच मुलगा आहे' हे कारण तेथे चालत नाही. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते.

४. परक्याचा पैसा असेल तर विलंब करू नका. १९३० हा सायबर फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे, तसेच राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलही आहे. जवळच्या पोलीस ठाण्यातही माहिती देता येते. खात्यात शिल्लक असलेल्या संशयित रकमेला हात लावू नये. ती तुमच्याकडे आलेली अमानत आहे. अमानती त्यांच्या मालकांकडे पोहोचविण्याचा आदेश सूरह अन्-निसाच्या ५८ व्या आयतीत आहे. कोणी फोन करून "चुकून पैसे आले, या क्रमांकावर परत पाठवा" असे सांगितले, तरी ते परस्पर पाठवू नयेत. बँकेमार्फतच परत करावेत.

५. खाते गोठले असेल तर घाबरून लपू नका. बँकेत आणि तपास अधिकाऱ्यासमोर घडले तसे लेखी निवेदन द्यावे, उतारा आणि संदेश जोडावेत. शक्य झाल्यास वकिलाचा सल्ला घ्यावा. गरजूंसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे निःशुल्क साहाय्य मिळू शकते, आणि स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. निवेदनात भाच्याला वाचविण्यासाठी खोटे बोलू नये आणि रागाच्या भरात त्याने न केलेले त्याच्या माथी मारूही नये. शत्रुत्वामुळेही न्याय सोडू नये, हा सूरह अल-माइदाच्या आठव्या आयतीचा आदेश आहे.

भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम ३१८ आणि विश्वासघातासाठी कलम ३१६ आहे. दुसऱ्याचा पासवर्ड वा ओळखचिन्ह लबाडीने वापरणे माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ६६ क प्रमाणे गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. तक्रार केली म्हणजे समेटाचे सर्व दरवाजे बंद होतात असे नाही. फसवणुकीच्या अनेक प्रकरणांत पीडित व्यक्तीला न्यायालयाच्या परवानगीने तडजोड करता येते.

नाते कसे राखावे?

आता वडीलधाऱ्यांच्या चिंतेकडे वळू. हजरत आयेशा (रजि.) यांच्यावर बालंट रचले गेले, तेव्हा ते पसरविणाऱ्यांत मिस्तह हेही होते. ते हजरत अबू बकर (रजि.) यांचे गरीब नातलग होते आणि अबू बकर (रजि.) त्यांचा खर्च चालवीत असत. ज्याला पोसले त्यानेच मुलीच्या चारित्र्यावर चिखल उडविला! अबू बकर (रजि.) यांनी साहाय्य बंद करण्याची शपथ घेतली. तेव्हा सूरह अन्-नूरची २२ वी आयत अवतरली आणि क्षमा करण्याची प्रेरणा देण्यात आली. अल्लाहने तुम्हाला क्षमा करावी असे तुम्हाला आवडत नाही काय, या आशयाचा प्रश्न त्यात आहे. अबू बकर (रजि.) यांनी साहाय्य पुन्हा सुरू केले.

परंतु याच प्रसंगाची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. रिवायतींनुसार, बालंट पसरविल्याबद्दल मिस्तह यांना शिक्षाही झाली. म्हणजे शिक्षा टळली नाही आणि नातेही तुटले नाही. न्याय आपल्या जागी राहिला, आप्तभाव आपल्या जागी राहिला. आपण मात्र नेमके उलटे करतो. प्रथम सत्य दडपतो आणि मग मनात अढी धरून दहा वर्षे एकमेकांच्या लग्नाला जात नाही.

म्हणून भाच्याविरुद्ध खरी माहिती दिल्यानंतरही बहिणीच्या दारी जाणे सोडू नका. अपराध मुलाचा आहे. त्याच्या आईचा, पत्नीचा किंवा लेकरांचा नाही. कोणीही दुसऱ्याचे ओझे उचलणार नाही, हे कुरआनचे तत्त्व आहे. त्यांच्या घरात शिधा आहे की नाही, मुलांची फी भरली की नाही, याची विचारपूस करा. जो केवळ परतफेड म्हणून नाते राखतो तो खरा नाते जोडणारा नव्हे; नाते तोडले गेल्यावरही जो जोडतो तोच खरा, असे बुखारीतील हदीस सांगते.

भाचा पश्चात्ताप करून आला तर त्याला आशेने जवळ घ्या, पण पश्चात्तापाची अट त्याला समजावून सांगा. जेथे माणसाचा हक्क बुडविला आहे, तेथे केवळ अश्रू पुरेसे नाहीत. हक्क परत करावा लागतो किंवा हक्कदाराकडून क्षमा मिळवावी लागते. तुमचे चाळीस हजार तो एकदम देऊ शकत नसेल, तर सूरह अल-बकराच्या २८० व्या आयतीनुसार तंगीत असलेल्याला सवड द्या, आणि माफ करणे त्याहून श्रेष्ठ आहे. मात्र जे ठरेल ते लिहून ठेवा. त्याच सूरहच्या २८२ व्या आयतीत, जी कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत आहे, मुदतीचे देणे लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदार करण्याचा आदेश आहे. लिहून ठेवणे हा अविश्वास असता, तर अल्लाहने तो आदेश श्रद्धावंतांना दिला नसता.

क्षमा केली म्हणजे कार्ड आणि पिन पुन्हा त्याच्या हाती द्यावेत असेही नाही. श्रद्धावंत एकाच बिळातून दोनदा डसला जात नाही, ही प्रेषितांचीच शिकवण आहे. मन मोकळे ठेवावे, पिन स्वतःजवळ ठेवावा.

आज रात्री घरात

आज इशाच्या नमाजनंतर घरातील सर्वांनी थोडा वेळ एकत्र बसावे. कोणाच्या खात्याचा पिन कोणाकडे आहे, कोणत्या खात्याला कोणाचा मोबाइल क्रमांक जोडला आहे, आणि आई, आजी, फूफी यांनी शेवटचे पासबुक केव्हा भरून आणले, हे विचारावे. जो मुलगा किंवा भाचा प्रामाणिकपणे सर्वांचे व्यवहार पाहतो, त्याचे सर्वांसमक्ष कौतुक करावे आणि दर महिन्याला हिशेब दाखविण्याची सवय त्याला लावावी. त्यामुळे त्याच्यावर उद्या कोणी संशय घेणार नाही.

कयामतच्या दिवशी नमाज, रोजा आणि जकात घेऊन येणारा, पण कोणाचे धन खाल्लेले असल्यामुळे आपली सर्व पुण्ये हक्कदारांना देऊन रिकामा होणारा मनुष्य हाच खरा दिवाळखोर होय, असे प्रेषितांनी सांगितले आहे. सहीह मुस्लिममधील ही हदीस आपल्या भाच्यालाही लागू आहे आणि त्याचा अपराध झाकणाऱ्या आपल्यालाही विचार करायला लावणारी आहे. त्या दिवशी ना दिनार असेल, ना दिरहम. आज मात्र परतफेडीची संधी अजून आहे. ती संधी त्याच्यापासून हिरावून घेऊ नका.

अल्लाह आपल्याला आपल्या माणसांवर खरी माया करण्याची आणि त्यांच्या बाबतीतही सत्य सांगण्याची शक्ती देवो. आमीन.